किंमत आणि मोल

मनुष्य आणि घोडा यांचे साहचर्य हजारो वर्षांचे आहे. गाईने मनुष्याला दूध दिले, बैलाने त्याचे शेत नांगरले. घोड्याने त्याला वेग दिला. आगगाडी आणि मोटार येण्यापूर्वी राजाचा निरोप असो, वैद्याला आणण्याची घाई असो, किंवा रणांगणावरची चढाई असो, सर्वांचा भार घोड्याच्या चार पायांवर असे. म्हणून घोडा विकत घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला एक प्रश्न नेहमी पडत आला: या घोड्याची खरी किंमत किती? प्रश्न दिसायला साधा आहे. उत्तर मात्र सोपे नाही. त्यातून घोडा आपल्याच दारी वाढलेला आणि आपल्याच हाताने चारलेला असेल, तर ते अधिकच अवघड होते.

महाराष्ट्राच्या इतिहासात घोड्याला मोठे स्थान आहे. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. घोडा हेच शिलेदाराचे भांडवल होते. तो दगावला, तर शिलेदाराला बारगीर होऊन राहण्याची पाळी येत असे. शिवछत्रपतींच्या पागेत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, असे सभासदाने आपल्या बखरीत नोंदविले आहे. घोड्याचे पाणी आणि घोड्याचा नाल यांकडे राज्यकर्त्याचे किती लक्ष होते, हे यावरून दिसते.

आजचा बुलढाणा जिल्हाही या घोडदौडीच्या वाटेवरचा प्रदेश आहे. जिजाबाईंचे माहेर सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील लखुजी जाधव हे निजामशाहीतील बलाढ्य सरदार होते, आणि त्या काळी सरदाराचे बळ त्याच्या पदरी असलेल्या घोडेस्वारांवरून मोजले जाई. तेथून जवळच असलेल्या साखरखेर्ड्याला १७२४ साली निजामउल्मुल्क आणि मुबारिझखान यांची मोठी लढाई झाली. अशा काळात घोड्याची पारख चुकणे म्हणजे केवळ पैशाचा तोटा नव्हे. त्यात स्वाराचा जीवही जाई.

घोड्याची पारख कशी असावी, याचे एक सुंदर उदाहरण गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आढळते. वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात गेले होते आणि झाशीच्या वेढ्याच्या वेळी ते झाशीतच होते. त्यांचे हे प्रवासवर्णन १९०७ साली प्रसिद्ध झाले. राणी लक्ष्मीबाईंच्या अश्वपरीक्षेची ख्याती त्यांनी वर्णिली आहे. एकदा एका सौदागराने दोन घोडे राणीसाहेबांपुढे आणले. दोन्ही दिसायला सारखेच उमदे होते. राणीसाहेबांनी केवळ पाहून मत दिले नाही. त्या दोन्ही घोड्यांवर आळीपाळीने बसल्या आणि त्यांना रिंगणात फिरवून आणले. मग एकाची किंमत त्यांनी हजाराच्या घरात केली आणि दुसऱ्याची अवघी पन्नास रुपये; कारण दुसऱ्याची छाती आतून दुखावलेली होती.

या गोष्टीतून पारखीचा पहिला नियम शिकता येतो. डोळ्याला दिसते ते घोड्याचे रूप. चालवून पाहावे तेव्हा कळतो तो घोड्याचा गुण. किंमत मुख्यतः गुणाची असते.

आता जाणकार मनुष्य घोडा कसा पाहतो, ते क्रमाने पाहू. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक ग्रंथ लिहिला. घोडा घेताना प्रथम त्याचे पाय पाहावेत, असे त्याने त्यात सांगितले आहे. पाया कच्चा असेल, तर वरच्या घराचा उपयोग काय, हा त्याचा युक्तिवाद आजही खरा आहे. म्हणून जाणता गिऱ्हाईक आधी खुरांकडे पाहतो. खुराला चीर आहे काय, नाल सारखा झिजला आहे काय, नळीवर सूज किंवा गाठ आहे काय, हे तो हाताने चाचपून बघतो. मग घोड्याला कठीण जमिनीवर दुडक्या चालीने पळवितात. पुढचा एक पाय दुखत असेल, तर तो पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली घेतो. ज्याला बोलता येत नाही, तो प्राणी मानेने आपले दुखणे सांगतो. फक्त पाहणाराचे लक्ष हवे.

पायांनंतर वय येते. ते दातांवरून ओळखतात. घोड्याच्या वरच्या आणि खालच्या जबड्यात पुढचे सहा सहा दात असतात. साधारण अडीच वर्षांचा झाला की मधली जोडी पडून पक्के दात येतात, साडेतीनाव्या वर्षी त्यांच्या शेजारची जोडी आणि साडेचाराव्या वर्षी कडेची जोडी बदलते. पाचव्या वर्षी घोड्याचे तोंड भरते. पक्क्या दातांच्या माथ्यावर काळसर खळगा असतो. खालच्या जबड्यात मधल्या दातांचा खळगा सहाव्या वर्षाच्या सुमारास झिजतो, त्यापुढच्यांचा सातव्या आणि कडेच्यांचा आठव्या वर्षी. त्यानंतर वयाचा केवळ अंदाज करता येतो. लबाड व्यापारी म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून व डागून खोटे खळगे पाडीत असत. म्हणून दात पाहणाराने डोळ्यांभोवतीचे खळगे आणि ओठांची ठेवणही पाहावी. उत्तम निगा असलेला घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. परंतु त्याच्या कष्टाची आणि म्हणून चढ्या किमतीची वर्षे त्यामानाने थोडी असतात.

तिसरी गोष्ट दमाची. घोड्याला भरधाव पळवून थांबवितात आणि त्याचा श्वास ऐकतात. श्वासात घरघर असेल, किंवा छातीचा भाता लवकर शांत होत नसेल, तर किंमत उतरते. चौथी गोष्ट चालीची. ज्या चालीत स्वाराच्या अंगाला हिसका बसत नाही, त्या रेवाल चालीला बाजारात मोठा मान आहे.

पाचवी गोष्ट स्वभावाची, आणि बसण्याच्या घोड्यात तिचे महत्त्व सर्वांत अधिक. देखणा परंतु चावरा, लाथ मारणारा, वाटेत अडणारा किंवा पाचोळा उडाला तरी बुजणारा घोडा नवख्या स्वाराच्या काय कामाचा? बुलढाणा जिल्ह्यातील शेगावचे संत गजानन महाराज यांच्या चरित्रात अशाच एका द्वाड घोड्याची कथा आहे. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात ती सांगितली आहे. हा घोडा एका कीर्तनकारांचा होता आणि त्याला लोखंडी साखळ्यांनी बांधून ठेवावे लागे. एका रात्री महाराज त्याच्या चार पायांमध्ये निर्धास्त झोपले आणि तो गरीब गाईसारखा शांत झाला, अशी ती कथा आहे. भाविकांना ती महाराजांची लीला वाटते. घोडे पाळणाऱ्यालाही तिच्यात एक ओळखीची खूण दिसते: घोडा भीतीने बिघडतो आणि निर्भय सहवासाने निवळतो.

येथवर सांगितलेले गुण घोड्याच्या अंगचे आहेत. परंतु बाजारात आणखी काही गोष्टींना पैसे पडतात. महाराष्ट्रातील घोड्यांचे दोन बाजार फार प्रसिद्ध आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावला मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. बुलढाण्याकडील मनुष्याला सारंगखेड्यास जावयाचे झाल्यास मलकापूरहून आगगाडीने भुसावळमार्गे दोंडाईचा गाठावे लागते. तेथे मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशा नाना जातींचे घोडे येतात. गिऱ्हाईक रंग पाहते, कानांची टोके जुळतात का पाहते, पंचकल्याण आहे का पाहते, आणि अंगावरील केसांचे भोवरेही मोजते. गळ्यावरील ‘देवमण’ शुभ, अमुक ठिकाणचा भोवरा अशुभ, अशा समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. भोवऱ्याचा घोड्याच्या हाडांशी किंवा दमाशी काही संबंध नाही. तथापि गिऱ्हाइकाच्या मनातील समजूत किमतीत उतरते, हेही तितकेच खरे. बाजारभाव म्हणजे केवळ घोड्याचे मोजमाप नव्हे. त्यात घेणाऱ्याच्या गरजेचे, हौसेचे आणि समजुतीचेही मोजमाप असते.

यात्रेच्या दिवसांत अमुक घोड्याची किंमत लाखांत, तमुक घोड्याची कोटीत, अशा बातम्या वृत्तपत्रांत येतात. त्या वाचताना एक भेद ध्यानी ठेवावा. मालकाने सांगितलेली किंमत वेगळी, गिऱ्हाइकाने मागितलेली वेगळी, आणि अखेर ज्या आकड्यावर व्यवहार ठरतो ती वेगळी. पूर्वी जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. त्यामुळे चार लोकांना खरा आकडा कळत नसे. आपल्या घोड्याचा अंदाज घेताना ऐकीव आकड्यांवर विसंबू नये. त्याच वयाचे, त्याच जातीचे आणि त्याच कामाचे तीन-चार घोडे गेल्या हंगामात प्रत्यक्ष किती रुपयांना गेले, हे विचारावे. लग्नसराईत पांढऱ्या घोडीला मागणी वाढते. कडब्याची टंचाई पडली की घेणारे कमी आणि विकणारे फार होतात.

हे सर्व नियम परक्या घोड्याला लावणे सोपे आहे. आपल्या घोड्याला लावताना मन आडवे येते. याचे एक कल्पित उदाहरण पाहू.

समजा, बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या एका गावी एक शेतकरी आहे. त्याच्या दारी बारा वर्षांची कुम्मैत घोडी आहे. ती शिंगरू असल्यापासून त्याच्या घरी वाढली. त्याची मुलगी तिच्याच पाठीवर बसावयास शिकली. यंदा पावसाने ओढ दिली, कडबा महागला, आणि मुलीला पुढील शिक्षणासाठी शहरात पाठवावयाचे आहे. घोडी विकण्यावाचून गत्यंतर नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून याच जातीच्या, आठ वर्षांच्या, निर्दोष घोडीची किंमत शंभर मानू. शेतकऱ्याच्या मनातला आकडा होता दीडशे. बारा वर्षांची वैरण, रात्रीची जागरणे, पोटशूळ उठला तेव्हा केलेली धावपळ, हे सारे त्याने त्यात धरले होते. दारी आलेल्या व्यापाऱ्याने पंचावन्न सांगितले. शेतकऱ्याला राग आला.

गावी वर्षानुवर्षे नाल मारावयास येणारा एक वृद्ध नालबंद होता. त्याला बोलावून शेतकऱ्याने सारी हकीकत सांगितली. नालबंद म्हणाला, “दादा, व्यापाऱ्याला त्यात आपला नफा हवा, म्हणून त्याचा आकडा खाली. तुम्हाला झालेला खर्च परत हवा, म्हणून तुमचा आकडा वर. घोडी दोघांच्या मधे कोठेतरी उभी आहे.” मग त्याने घोडीचे पाय पाहिले, दात पाहिले, तिला चालविले. पुढच्या डाव्या पायावर जुनी गाठ होती. वय आणि गाठ यांसाठी त्याने पस्तीस वजा केले. घोडी पोराबाळांनाही पाठीवर घेते, मोटारीला बुजत नाही, पाय उचलताना ओढून घेत नाही, म्हणून दहा मिळविले. हिशेब पंचाहत्तरावर आला.

मुलगी जवळच उभी होती. ती म्हणाली, “नालबंदकाका, मग आमच्या मायेची काहीच किंमत नाही का?”

“आहे की, पोरी,” नालबंद म्हणाला. “ही घोडी माणसाला भीत नाही, ती तुमची मायाच. तिचे दहा मी धरले. एकदा मोजलेले दुसऱ्यांदा कसे मोजावे?”

पुढे दोन गिऱ्हाइके आली. एक वरातीत घोडी नाचविणारा होता. तो पंच्याऐंशी द्यावयास तयार होता. दुसरे जवळच्या गावचे शिक्षक होते. त्यांना मुलांना बसावयास शिकविण्यासाठी शांत घोडी हवी होती. ते पंचाहत्तर देणार होते. शेतकऱ्याने डाव्या पायाची गाठ दोघांनाही दाखविली. वरातवाला म्हणाला, “असू द्या, एक-दोन लग्नसराया तर निघतील.” शेतकऱ्याने रात्रभर विचार केला आणि घोडी शिक्षकांना दिली.

पंच्याऐंशी आणि पंचाहत्तर यांत दहाचे अंतर आहे. त्या वर्षी शेतकऱ्याला ते दहाही जड होते. तरीही त्याने ते सोडले. हे दहा म्हणजे त्याच्या मायेची किंमत होय. आणि ती गिऱ्हाइकाने दिली नाही, त्याने स्वतः दिली. मनुष्य पुष्कळदा उलट करू पाहतो. आपल्या मायेचे पैसे तो दुसऱ्याकडे मागतो, आणि ते मिळाले नाहीत की जगाला गुणांची कदर नाही म्हणून कष्टी होतो. वस्तुतः परक्या मनुष्याला आपल्या आठवणी विकत घेता येत नाहीत. माया आकडा फुगविण्यासाठी नसते. खरे सांगण्यासाठी आणि जनावर कोणाच्या हाती द्यावयाचे हे ठरविण्यासाठी ती असते.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. ‘किंमत’ हा शब्द अरबीतून आला. ‘मोल’ हा संस्कृत ‘मूल्य’ शब्दापासून झाला. दोहोंचा अर्थ एकच असला, तरी वापरात थोडा फरक पडला आहे. आपण वस्तूची किंमत ठरवितो, परंतु उपकाराचे मोल जाणतो. किंमत बाजारात चार लोक मिळून ठरवितात. मोल ज्याचे त्याने जाणावयाचे असते.

कधी कधी मोल जाणण्याची वेळ फार उशिरा येते. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या लढाईत राणी लक्ष्मीबाई शत्रूंशी लढत बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्या हाती नवा घोडा होता, आणि एका ओढ्याशी येताच तो अडला, असे परंपरा सांगते. उत्तम अश्वपरीक्षा असलेल्या या वीरांगनेला त्या क्षणी रूपवान किंवा महागडा घोडा नको होता. ओळखीचा घोडा हवा होता. अशा ओळखीला बाजारात भाव नाही, कारण ती एका घोड्याची आणि एका स्वाराची असते. घोडा दुसऱ्याच्या दारी गेला की ती तेथे नव्याने जोडावी लागते.

घोडा म्हातारा झाला म्हणजे किंमत आणि मोल यांतील अंतर सर्वांत अधिक वाढते. वीस वर्षांच्या घोड्याला बाजारात फारसे कोणी विचारीत नाही. मात्र घरातल्या प्रत्येकाशी त्याचे काही ना काही नाते जडलेले असते. इंग्लंडचा सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन याने वॉटर्लूच्या लढाईतील आपल्या कोपनहेगन नावाच्या घोड्याला उतारवयात आपल्या जमिनीवर सुखाने ठेवले, आणि १८३६ साली तो मेला तेव्हा त्याला मानाने पुरले. ऐपतदाराला हे सोपे होते. सामान्य शेतकऱ्याला म्हातारे जनावर पोसणे ओझ्याचे असते, आणि त्या ओझ्याची थट्टा कोणी करू नये. तथापि ज्याच्या पाठीवर आपण बारा वर्षे बसलो, त्याच्या पुढच्या बारा महिन्यांची चौकशी करणे एवढे तरी प्रत्येकाला साधते. घोडा विकताना पैसे मोजून घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. परंतु पैसे मोजण्यापूर्वी, तो कोठे जाणार, काय खाणार आणि कोणते काम करणार, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

अभ्यास

१. सौदागराने आणलेल्या दोन घोड्यांची परीक्षा राणी लक्ष्मीबाईंनी कशी केली? त्यावरून कोणता नियम शिकता येतो?

२. घोड्याचे वय दातांवरून कसे ओळखतात, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. “एकदा मोजलेले दुसऱ्यांदा कसे मोजावे?” हे वाक्य कोण कोणास म्हणाले? त्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. शेतकऱ्याने पंच्याऐंशी देणारे गिऱ्हाईक का नाकारले? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते? कारणे द्या.

५. ‘मोल’ आणि ‘किंमत’ हे शब्द असलेले चार वाक्प्रचार शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

६. तुमच्या गावी जनावरांचा बाजार भरत असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून एखाद्या बैलाची किंवा गाईची किंमत कशी ठरते, याविषयी दहा ओळी लिहा.